तीन वार आणि एक घड्याळ

लिलावात बोलायची खोड मला कल्याणजवळच्या मोहन्याला लागली. लग्न होऊन तिथल्या कॉलनीत आले तेव्हा माझी वेणी कमरेखाली होती आणि अक्कल, सासूबाईंच्या मते, त्या वेणीच्या टोकाला बांधलेली होती. आमचे हे तिथल्या कारखान्यात होते. कॉलनीच्या गणपतीत शेवटच्या संध्याकाळी देवापुढचे नारळ, फळं, हार यांचा लिलाव व्हायचा. बायका सतरंजीवर पुढे, पुरुष मागे खांबांना टेकून. आकडे चढत जायचे आणि मग मंडळाचे चिटणीस घसा फुटेस्तोवर ओरडायचे, "एक वार... दोन वार... तीन वार!" तीन वार झाले की वस्तू तुमची. पैसे तिथल्या तिथे कोणी मागायचं नाही, पगार झाला की द्या. पण बोललेला शब्द फिरवायचा नाही. एका बिऱ्हाडाने फिरवला होता. त्यांच्याकडे पुढे कोणी हळदीकुंकवालासुद्धा गेलं नाही.

पहिल्याच वर्षी मला कलशावरचा नारळ हवासा झाला. कारण काय, तर आदल्या वर्षी तो शेजारणीने घेतला आणि तिला मुलगा झाला. एवढंच माझं शास्त्र. मी बोलत गेले, मागून एक पुरुषी आवाज माझ्यावर चढत गेला. वळून बघेन तर शपथ! नव्या सुनेने पुरुषांकडे बघायचं नाही म्हणे. बोली मात्र ठणकावून लावायची. सगळा मांडव हसायला लागला तेव्हा कुठे कळलं, मागचा आवाज यांचा होता. यांना तो नारळ माझ्यासाठीच घ्यायचा होता. नवऱ्याचा आवाज न ओळखणारी बायको म्हणून मी कॉलनीत पुढे कितीतरी वर्षं प्रसिद्ध होते.

चिटणीस म्हणाले, "अहो, एकाच घरातले तुम्ही. जाऊ द्या, पहिला आकडा धरू."

हे म्हणाले, "बोललो ते बोललो."

त्या महिन्यात आम्ही नारळाच्या वड्या खाल्ल्या, आणि वड्यांशिवाय फारसं काही नाही.

आता हे सगळं आठवायचं कारण घड्याळ. कारखान्याने जुन्या कामगारांना एक चावीचं मनगटी घड्याळ दिलं होतं. पांढरी तबकडी, तबकडीवर कारखान्याचं चिन्ह, आणि पाठीवर ज्याचा त्याचा तिकीट नंबर, म्हणजे हजेरीच्या पाटीवरचा कामगाराचा नंबर, कोरलेला. पुढे कारखाना बंद पडला, कॉलनी सुटली, आम्ही ठाण्याला मुलाकडे आलो. घड्याळ यांच्या हातावर तसंच राहिलं. रोज सकाळी चावी द्यायची, कानाला लावायचं, मग चहा.

मग यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग मित्र, मग मी. मला 'अहो बाई' म्हणू लागले. मी म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी 'अहो' तरी मिळालं. एका दुपारी दार उघडं राहिलं आणि हे निघून गेले. सापडले खोपटच्या एसटी डेपोत. एका कंडक्टरला विचारत होते, मोहन्याची गाडी किती वाजता, दुसरी पाळी चुकेल. माणूस परत मिळाला, मनगटावर घड्याळ नव्हतं. पडलं की कोणी काढलं, देव जाणे.

तेव्हापासून यांचा उजवा हात सतत डाव्या मनगटावर. चाचपायचं, थांबायचं, परत चाचपायचं. "माझं घड्याळ कुठंय?" घास तोंडाशी नेलेला तसाच राहायचा, कारण घड्याळात बघितल्याशिवाय जेवणाची सुट्टी झाली हे कसं कळणार? मुलाने नवं घड्याळ आणलं, ते यांनी काढून आमटीत टाकलं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळखीच्या वस्तूने कधीकधी जीव शांत होतो. कधीकधी. मी त्यातलं 'जीव शांत होतो' तेवढंच ऐकलं.

जुन्या वस्तूंचा लिलाव फोनवर चालतो हे मला नातवाने दाखवलं होतं, त्याला जुनी नाणी लागतात म्हणून. मी एकटी बसून शोधलं आणि अगदी तसलं घड्याळ दिसलं. पांढरी तबकडी, कारखान्याचं चिन्ह. मग मी बोलायला लागले. एक कोणीतरी माझ्यावर बोली चढवत होता. मी चढवलं, त्याने चढवलं. माझ्यातली ती वेणीवाली उठून बसली. आता तर वेणी नाही, होता तो अंबाडाही विरळ झालाय, पण अक्कल काही वर सरकली नव्हती. शेवटी बोली माझी ठरली.

विकणाऱ्याचा मेसेज आला आणि मागोमाग फोन. कोवळा, गोड आवाज. "काकू, अभिनंदन! मी खडवलीचा. माझे आजोबा पण त्याच कारखान्यात होते. आपल्या माणसात कशाला साइटचं कमिशन? डायरेक्ट माझ्या नंबरला टाका ना."

स्क्रीनवर लाल अक्षरांत लिहून येत होतं की साइटच्या बाहेर पैसे देऊ नका. मी वाचलं. वाचता येतं मला. मी जरा थांबले तर तो म्हणाला, "काकू, असं काय करता? बोली तुमची लागली ना? शब्द दिलात ना?"

झालं. त्या पोराला काय माहीत त्याने कुठल्या खुंटीला हात घातला! मला तो मांडव दिसला, चिटणीस दिसले, हळदीकुंकवाला कोणी न गेलेलं ते बिऱ्हाड दिसलं. बोललो ते बोललो. मी पैसे टाकले. एक वार.

चार दिवसांनी फोन. पार्सल कल्याणच्या गोदामात अडकलंय, जुनी वस्तू म्हणून विम्याची रक्कम भरावी लागेल, घड्याळ हातात पडलं की परत मिळेल. हे समोर बसून मनगट चाचपत होते. मी भरली. दोन वार.

मग तो एकदम भला झाला. म्हणाला, "काकू, घड्याळ फुटलं हो वाटेत. मला फार वाईट वाटतंय. तुमचे सगळे पैसे परत देतो. हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका, की लगेच जमा." मी पिन टाकला. पैसे आले नाहीत, गेले. तीन वार! वस्तू कोणाची झाली ते सांगायला नको.

सूनबाई नेमकी तेव्हा ऑफिसातून आली. माझं तोंड बघून तिने फोन हातातून घेतला, वर-खाली वाचला आणि मटकन बसली.

"अहो आई, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो!"

"हे मला आधी कोणी सांगितलं?"

"बँकेचा मेसेज येतो की तसा."

"बँकेचे मेसेज वाचत बसले तर भाजी कोण निवडणार?"

"आणि तुमच्यावर जो चढवत होता ना, तो दुसरा? तोही हाच. दोन खाती काढायची आणि आपणच आपल्यावर बोलायचं."

मी हसले. सूनबाईला वाटलं मला धक्का बसलाय. पण मला मांडव आठवला होता. आम्ही नवरा-बायको एकमेकांवर बोली चढवत होतो तेव्हा नारळ तरी घरात आला होता.

तिने लगेच हेल्पलाइनला फोन लावला, बँकेला कळवलं, दुसऱ्या दिवशी मला घेऊन सायबर पोलिसांकडे गेली. तिथल्या बाकावर माझ्यासारखे बरेच होते, सगळे आपापला फोन उताणा मांडीवर धरून, एखादं मेलेलं पाखरू धरावं तसा. साहेब सभ्य होते. सगळं लिहून घेतलं. म्हणाले, "आजी, पहिल्या तासाभरात कळवलं असतं तर कुठेतरी थांबवता आलं असतं. शेवटच्या रकमेचं बघू. आधीच्या दोन... आशा ठेवू नका." शेवटच्याचंही पुढे काही झालं नाही.

तरी मी गुपचूप खडवलीला गेलेच. भजनाला जाते असं सांगून. त्याने दिलेला पत्ता पाण्याच्या टाकीमागचा होता. टाकीमागे एक चहाची टपरी आणि पुढे नुसतं गवत. टपरीवालीने मला आपादमस्तक बघितलं.

"पार्सलवाल्या का गो तुम्ही, मावशी?"

"तुला कसं कळलं?"

"मागे एक बाबा कॅमेऱ्यासाठी आलेला, पार पुण्यावरनं. त्याच्या आधी एक बाई, शिलाई मशीनवाली. सगळी टाकीच बघत ऱ्हातात. बसा, चहा घ्या. त्यो हितला नाय, कुठलाच नाय."

चहाचे पैसे तिने घेतले नाहीत. छत्री घेऊन त्याला बडवायला गेले होते, छत्री टेकत परत आले.

घरी हे दारातच उभे. "अहो बाई, माझं घड्याळ मिळालं का?" यांना काही माहीत नव्हतं, हे रोजच सगळ्यांना असं विचारतात. पण त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

सूनबाई चिडलेली होती, पण दुष्ट नाही. म्हणाली, "शोधायचंच असेल तर माझ्यासमोर." मग आम्ही दोघी संध्याकाळी शोधायला लागलो. ती बघायची विकणारा किती जुना आहे, आधीच्यांनी काय लिहिलंय, फोटो दुसरीकडून उचललेले आहेत का. मी माझी एक युक्ती काढली: घड्याळाशेजारी उलटा चमचा ठेवून फोटो पाठवा म्हणायचं. ज्याच्याकडे घड्याळच नाही तो चमचा कुठे ठेवणार? तीन जण चमच्याला पळाले. एकाने शिव्या दिल्या, त्याही हिंदीतून.

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी मात्र तासाभरात फोटो पाठवला. घड्याळ, आणि शेजारी उलटा चमचा, भाताचं शीत चिकटलेला. मी मुद्दाम म्हटलं, "तुमच्या नंबरला पैसे टाकू का?"

ते घाईघाईने म्हणाले, "नको नको बाई! साइटवरूनच द्या. मलाही भीती वाटते हो."

साइटवरून दिले की पैसे मध्येच थांबतात. वस्तू हातात आली, नीट आहे, असं आपण कळवलं की मग विकणाऱ्याला मिळतात. इतकी साधी गोष्ट. ती लाल अक्षरं मला हेच सांगत होती.

पाठीचा फोटोही आला होता. त्यावर नंबर होता, यांचा नव्हे, दुसरा. सूनबाईने विचारलं, "चालेल का?" मी म्हटलं, "ज्याला बायकोचं नाव आठवत नाही, त्याला नंबर काय आठवणार!"

घड्याळ आलं. मी चावी दिली, कानाला लावलं, चालू होतं. यांना आवडतो तसा चहा केला आणि घड्याळ समोर धरलं. यांचा चेहरा असा उजळला की सूनबाईने माझा दंड घट्ट धरला. यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, तबकडीवरून अंगठा फिरवला आणि मनगटाकडे नेता नेता पालथं केलं. नंबर वाचला.

"हे माझं नाही."

"अहो, असं काय करता? तेच आहे."

"हे त्याचं आहे. माझ्या मशीनवरच्या जोडीदाराचं." नंबर खडाखडा म्हणून दाखवला, मग स्वतःचाही म्हणून दाखवला. "तो शोधत असेल. कुठे सापडलं तुम्हाला?"

तो जोडीदार जाऊन फार वर्षं झाली. त्याच्या तेराव्याला हेच गेले होते, जेवून आले होते. मुलांनी घर आवरताना घड्याळ विकलं असेल, मग ते फिरत फिरत डोंबिवलीला. मी एवढं काही सांगितलं नाही. घालून तर बघा म्हटलं, मनगट पुढे ओढलं. यांनी हात काढून घेतला. लोकांची वस्तू चोरून घालतात का, असं माझ्याकडे बघितलं. अनोळखी बाईकडे बघावं तसं.

फोनवर साइट विचारत होती: वस्तू वर्णनाप्रमाणे मिळाली का? सूनबाई म्हणाली, "आई, परत करायचं असेल तर आत्ताच सांगायला लागेल."

मी 'हो' दाबलं. डोंबिवलीच्या त्या गृहस्थांनी काय लबाडी केली होती? सगळं वर्णनाप्रमाणेच होतं.

घड्याळ आता यांच्या रुमालात बांधलेलं असतं. सकाळी चावी द्यायला ते माझ्याकडे देतात, बंद पडलं तर जोडीदार काय म्हणेल म्हणून. दुपारी खुर्ची दाराकडे वळवून बसतात आणि कोणी आलं की विचारतात, पहिल्या पाळीवाले सुटले का. जेवण आता भरवावं लागतं.

मी अजून लिलाव बघते. बोलत नाही. तसलं घड्याळ दिसलं की फक्त म्हणते, मागची बाजू दाखवा. खोपटला जे हरवलं ते कधीतरी कोणीतरी विकायला काढेलच, असं मनाशी म्हणते. मांडवात नारळासाठी ओरडणारी ती मूर्ख मुलगी हे अगदी खरं मानते. मी मानत नाही, पण तिला गप्प कसं करायचं तेही मला कळत नाही.

काल एका घड्याळाच्या पाठीचा फोटो आला. नंबर नुसताच घासून काढलेला, गुळगुळीत. मी फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसले. शेजारी हे मनगट चाचपत होते.

"अहो बाई," हे म्हणाले, "त्याचं मिळालं. माझं कुठंय?"