एक मोडायचा, एक लावायचा

एल्म फोर्क या आमच्या गावात कुणी वेंडेल क्रेहबिलचं नाव काढलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "झाली का त्याची गाडी?" गहू कसा आहे, गारा कुठे पडल्या आणि वेंडेलची गाडी झाली का, हे आमच्याकडचे गप्पांचे ठरलेले विषय. उत्तराची कुणालाच फिकीर नसे.

वेंडेल काउंटीच्या शाळेच्या बस दुरुस्त करायचा. दिवसभर पिवळ्या बसखाली उताणा पडायचा, घरी येऊन जेवायचा आणि गॅरेजमध्ये जाऊन स्वतःच्या गाडीखाली उताणा पडायचा. त्याची बायको लॉरीन सांगायची, की नवऱ्याचा चेहरा मला जेवताना तेवढा दिसतो, एरवी बूटच ओळखीचे. असं म्हणताना ती कुरकुरत नसे. दोघांचं बरं चाललं होतं. वेंडेलला दारू नको, पत्ते नकोत, शेजाऱ्याच्या भानगडी नकोत. एक गाडी हवी होती, आणि तीही आयती मिळाली असती तर त्याने घेतली नसती.

गाडी म्हणजे १९३१च्या फोर्डचं नुसतं खोकं. एका शेताच्या बांधाला पडून होतं आणि त्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. वेंडेलने कोंबड्यांची क्षमा मागून ते उचललं, छप्पर काढलं, खाली नवी चासी बांधली, पुढे आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन बसवलं आणि सगळा सांगाडा इतका खाली आणला की मांजर खालून जाताना अंग चोरून जाई. असल्या गाडीला आम्ही हॉट रॉड म्हणतो. गावात असे वेडे सात-आठ होते आणि त्यांनी आपल्या वेडाला क्लब असं नाव दिलं होतं.

लॉरीनने या वेडाला कधी आडकाठी केली नाही. क्लबातली माणसं आली की ती कॉफी करायची, फळं भरून भाजलेल्या पायचे तुकडे कापून द्यायची. पण कोंबड्यांचं खोकं अंगणात आलं त्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, "बांध तुला हवी तशी. मी तिच्यात बसायची नाही."

वेंडेलने का म्हणून विचारलं नाही. लॉरीनचा भाऊ ड्वेन. विशीतच त्याने अशीच एक गाडी बापाच्या गोठ्यात बांधली होती. स्टिअरिंगचा एक जोड त्याने स्वतःच वेल्ड केला होता आणि तो भर वळणावर तुटला. गाडी ओढ्यातून बाहेर काढली तेव्हा स्टिअरिंगचं चाक नुसतंच गरागरा फिरत होतं. ड्वेन वेंडेलचा जिवाभावाचा दोस्त. त्याच्या मातीवरून परतताना वेंडेल लॉरीनशी पहिल्यांदा चार शब्द बोलला, आणि पुढे जे व्हायचं ते झालं.

त्यामुळे वेंडेलला काय हवं होतं ते सांगायला ज्योतिषी नको होता. गाडीला त्याने दोघांचं बाक केलं होतं. एखाद्या रविवारी त्या बाकावर लॉरीन शेजारी बसावी, एवढीच त्याची इच्छा. ती त्याने कधी बोलून दाखवली नाही. लॉरीनला ती ठाऊक होती, आणि ठाऊक आहे असं तिनेही कधी दाखवलं नाही.

इंजिन एका हिवाळ्यात बसलं. स्टिअरिंगपायी किती हिवाळे गेले ते मोजणं वेंडेलने सोडून दिलं. एवढ्या बुटक्या गाडीत जुनं स्टिअरिंग मावत नाही, दांड्याच्या वाटेत इंजिन येतं, नाहीतर ड्रायव्हरचे गुडघे येतात. मग वेंडेल उपड्या बादलीवर बसे, डोळे मिटे आणि हात जिथे आपसूक विसावतील तिथे धरे. ऑर्व्हिल पेकम, त्याचा बसडेपोतला सोबती आणि क्लबातला सगळ्यात तोंडाळ माणूस, त्या दोन हातांमधून झाडूचा दांडा खाली सोडी आणि खडूने खूण करी. दुसऱ्या दिवशी वेंडेल पुन्हा बसे. खूण बोटभर सरकलेली निघे. पुन्हा पहिल्यापासून.

"लॉरीन," ऑर्व्हिल स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून ओरडायचा, "तुझा झाडू तर गेलाच. नवराही एक दिवस त्याच्यावर बसून उडून जाणार."

"जाऊ दे," आतून उत्तर यायचं. "झाडू मात्र परत पाठव."

शेवटी भंगारवाल्याकडच्या एका छोट्या मोटारीचा स्टिअरिंग बॉक्स आणला, म्हणजे चाक फिरवलं की ज्याच्या पोटातले दाते फिरतात ती लोखंडी डबी. डबीतून एक वीतभर लांबीचा आर्म बाहेर येतो. चाकांना ओढायचं-ढकलायचं काम त्याचं. मूळचा आर्म आखूड पडला, तेव्हा वेंडेलने तो कापून, मधे पोलाद घालून, वेल्ड करून लांब केला. एक नाही, दोन केले.

दोन का, तर तो आमच्या क्लबाचा कायदा. स्टिअरिंगचा वेल्ड केलेला कुठलाही भाग जोडीने बनवायचा. बनवणाऱ्याने बाजूला उभं राहायचं. दुसऱ्या कुणीतरी दोनांतला एक उचलायचा, व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आवळायचा आणि घणाने बडवायचा. वाकला तर जोडीदार गाडीला लावायचा. तुटला तर जोडीदारही भंगारात. कुठला उचलला जाणार ते माहीत नसल्यामुळे दोन्हींत जीव ओतावाच लागतो. हा कायदा ड्वेनच्या मातीनंतरच्या आठवड्यात झाला. लॉरीनला तो कुणी सांगितला नव्हता. वेंडेलला वाटे, सांगितलं तर जखमेवरची खपली निघेल.

ऑर्व्हिलने त्या जोडीतला एक बडवला. आर्म मेणबत्तीसारखा वाकला, पण चिरला नाही. वेंडेलचा जीव भांड्यात पडला. जोडीदार गाडीला लागला. मग शेवटची तपासणी. ऑर्व्हिल आत बसला, वेंडेल गाडीच्या तोंडासमोर उभा राहिला.

"डावीकडे," वेंडेल म्हणाला. चाकं डावीकडे वळली. "उजवीकडे." उजवीकडे वळली. वेंडेलने मान डोलावली आणि हात पुसले.

पुढच्या शनिवारी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर जाणार म्हणून सगळा क्लब अंगणात जमला. लॉरीनने रुबार्बच्या आंबट देठांचा पाय केला, बटाट्याचं सॅलड केलं आणि ती पडवीत येऊन उभी राहिली. खाली उतरली नाही, पण आतही गेली नाही. वेंडेलने ते पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. इंजिन असं गरजलं की शेजारचं कुत्रं खाटेखाली गेलं. वेंडेल अंगणाच्या टोकाशी आला, रस्त्याला लागायला त्याने चाक डावीकडे फिरवलं, आणि गाडी उजवीकडे निघाली.

चाळीस वर्षांच्या सवयीने हात जे करतात तेच त्याच्या हातांनी केलं. गाडी उजवीकडे जातेय म्हणून चाक आणखी डावीकडे. जेवढं डावीकडे फिरवावं तेवढी ती उजवीकडे पळे. कुंपणाची दोरी तोडून ती लॉरीनच्या टोमॅटोच्या वाफ्यात शिरली आणि तिथे एकदाची थांबली.

सगळे वाफ्याकडे धावले. मग ऑर्व्हिलच्या डोक्यात उजेड पडला आणि तो मटकन खाली बसला. गाडीच्या तोंडासमोर उभ्या माणसाचा डावा हात तो गाडीचा उजवा. दोघांनी मिळून जोड तपासले, बोल्ट तपासले, घणाने लोखंड बडवलं, आणि डबी उलट्या तोंडाची बसवलीय हे काही दोघांना कळलं नव्हतं. सगळ्यांना हसू फुटलं. असलं हसणं क्लबात वर्षाकाठी एकदा होतं आणि पुढे ते जन्मभर पुरवून वापरतात. वेंडेलही हसला असता. पण त्याने पडवीकडे पाहिलं. दार लागलेलं होतं.

त्याला फार वाईट वाटलं. फजितीचं नव्हे, फजिती त्याने चहासारखी प्यायली असती. पण लॉरीनने नेमकं काय पाहिलं? माणूस चाक फिरवतोय आणि गाडी ऐकत नाहीय, एवढंच. तिच्या भावाचं जे तिने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, ते आज आपण तिला अंगणात करून दाखवलं, असं त्याला वाटलं. आता ते दोघांचं बाक काढून टाकावं, असंही त्याच्या मनात आलं.

संध्याकाळी ताटात तळलेले हिरवे टोमॅटो आले. मोठा ढीग होता. लॉरीनने मीठ पुढे सरकवलं.

"खा. तूच तोडून आणलेत."

वेंडेलने खाली मान घालून दोन खाल्ले. मग म्हणाला, "काही तुटलं नव्हतं, लॉरीन. उलटं बसलं होतं फक्त."

"उलटं म्हणजे काय?"

वेंडेलचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत लॉरीनने गाडीबद्दल, त्यातही स्टिअरिंगबद्दल, हा पहिला प्रश्न विचारला होता. त्याने मिठाची बाटली घेतली, ती डबी. काटा घेतला, तो आर्म. सुरी चाकांच्या जागी. डबी इकडे तोंड करून बसवली की काटा सुरीला ढकलतो, तिकडे करून बसवली की ओढतो. लॉरीनने बाटली त्याच्या हातातून घेतली, स्वतः फिरवून पाहिली, परत फिरवली.

"आता काय करणार?"

"डबी उलटी करून बसवणार. आर्मचा आकार बदलेल. पुन्हा दोन करावे लागतील."

"दोन कशाला?"

इथे त्याला खरं सांगावंच लागलं. कायदा सांगितला. घणाचं सांगितलं. तिने विचारलं, हा कायदा कुणी केला? तो म्हणाला, आम्हीच, मी आणि ऑर्व्हिलने. कधी? वेंडेल ताटाकडे पाहत राहिला. लॉरीनने मग पुन्हा विचारलं नाही. तिने उरलेले टोमॅटो त्याच्या ताटात वाढले आणि बराच वेळ हात त्याच्या खांद्यावर ठेवून उभी राहिली.

नवी जोडी व्हायला शेतातला गहू कापून होईपर्यंतचा वेळ लागला. ऑर्व्हिल घण घेऊन आला, बाह्या सरसावून उभा राहिला, इतक्यात गॅरेजच्या दारात लॉरीन आली. ओले हात एप्रनला पुसत म्हणाली, "ऑर्व्हिल, जरा बाजूला हो."

ऑर्व्हिल जन्मात पहिल्यांदा काही न बोलता बाजूला झाला. लॉरीनने दोन्ही आर्म हातात घेतले. वजन पाहिलं, जोडावरून अंगठा फिरवला, एक वेंडेलकडे दिला, दुसरा व्हाइसमध्ये घातला आणि दांडी करकचून आवळली. मग घण उचलला.

पहिला घाव नीट बसला नाही. दुसरा बसला. नंतर ती थांबेचना. कायद्याला दोन-तीन घाव पुरतात, पण तिला ते सांगायला दोघांपैकी कुणी पुढे झालं नाही. केस सुटून तोंडावर आले, श्वास फुलला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायची गरज वाटली नाही. आर्म वाकला, दुमडला, शेवटी व्हाइसच्या जबड्याला टेकला. लॉरीनने घण खाली ठेवला, वाकून जोड पाहिला. केसाएवढीही चीर नव्हती.

"ड्वेनने एकच केला होता," ती म्हणाली.

"हो," वेंडेल म्हणाला.

"त्याला कुणी सांगितलंच नाही, दोन कर म्हणून."

"तेव्हा आम्हालाच कुठे ठाऊक होतं."

तिने मान हलवली आणि वेंडेलच्या हातातल्या आर्मकडे बोट दाखवलं. "लाव तो." मग ऑर्व्हिलला म्हणाली, की कॉफी तयार आहे आणि तोंड उघडायचं असेल तर तेवढ्यापुरतं उघड.

रविवारी चर्चहून आल्यावर तिने डोक्याला रुमाल बांधला आणि येऊन बाकावर बसली. कुणाला बोलावलं नव्हतं. वेंडेलने अंगणाच्या टोकाशी चाक डावीकडे फिरवलं, गाडी डावीकडे वळली, आणि टोमॅटोचा वाफा सुखरूप मागे राहिला. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची खुंटं, वर मोकळं आभाळ. इंजिन पोटात गुरगुरत होतं. इतका सुखी वेंडेल लग्नाच्या दिवशीही नव्हता, कारण त्या दिवशी बूट चावत होते.

पुलाच्या अलीकडे रस्ता फुटतो. सरळ गेलं की ओढ्याचं वळण आणि लगेच गाव, उजवीकडे गेलं की धान्याच्या कोठारावरून मोठा फेरा. क्रेहबिलांच्या घरची गाडी वर्षानुवर्षं उजवीकडेच जायची. ओढ्याचं वळण म्हणजे ड्वेनचं वळण. यावर घरात कधी चर्चा झाली नव्हती. वेंडेलने वेग कमी करून चाक उजवीकडे वळवायला घेतलं.

"सरळ घे," लॉरीन म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पुढे पाहत होती. त्याने सरळ घेतली. पूल गेला, वळण समोर आलं. वेंडेलने चाक वळवलं, गाडी रस्त्याला धरून वळली, कुठे हललीही नाही, आणि वळण संपल्यावर चाक त्याच्या हातात आपणहून सरळ झालं. ओढ्याकाठची कॉटनवूडची झाडं मागे पडली. पुढे गावाची पाण्याची टाकी दिसू लागली.

 मग लॉरीनने वाऱ्यावर उडणारा रुमाल सारखा केला आणि त्याच्या हातांकडे पाहिलं.

"जड जातंय का स्टिअरिंग?"

"नाही. लोण्यासारखं चालतंय."

"मग इतकं घट्ट का धरलंयस?" ती म्हणाली. "सोड जरा. मी आहे ना बसलेली."