आमेन होईपर्यंत

शांतवन गेल्याची बातमी त्याच्या घरी मीच नेली. त्याला घरी आणायच्या ट्रकची राजूरला सोय व्हायला वेळ होता, म्हणून पाळकसाहेबांनी मला एस.टी.नं पुढं धाडलं. सगुणावहिनींना आधी आपल्या माणसाच्या तोंडून कळावं, एवढाच हेतू. बेलापूरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वहिनी ओट्यावर सुपात रेशनचा मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी, निवडत बसल्या होत्या. माझ्या हातात शांतवनचा फिरकीचा तांब्या दिसला आणि त्यांचे हात थांबले. "ते मागं राहिले का, भाऊजी?" त्यांनी विचारलं. सुवार्ताफेरीत तो नेहमीच मागं राहायचा, कुणाच्या तरी अंगणात गप्पा मारत... मी मान हलवली. होकारार्थी हलवली की नकारार्थी, ते मला अजून सांगता येत नाही. त्याला आता पाच आठवडे झाले.

नगरच्या मिशन बोर्डिंगात आम्ही एका पंगतीला जेवून वाढलो. पुढं दोघंही मास्तर झालो, तो बेलापूरला, मी नगरला. माझं सगळं घाईचं आणि त्याचं सगळं सावकाश, तरी दोस्ती टिकली, कारण माझी चिडचिड तो मनावर घेत नसे. दरवर्षी थंडी सरता सरता आम्ही चार-पाच जण चर्चच्या मंडळीतर्फे आठवडाभर खेड्यांतून फिरत असू. शांतवन खंजिरी वाजवून गाणी म्हणायचा, मग पाळकसाहेब बोलायचे, आणि मी लोकांची पत्रं वाचून दाखवायचो, डोळ्यांत औषध घालायचो. शांतवनचा आवाज गोड होता, पण प्रार्थना लांब. तो जेवणाआधी प्रार्थनेला लागला की कालवण गार झालंच म्हणून समजावं. गावातल्या आजाऱ्यांपासून गाभण गाईंपर्यंत सगळे तो नावानिशी देवाच्या कानावर घालायचा. एकदा कोपरगावाकडच्या एका वस्तीत भुकेनं माझा जीव कासावीस झाला आणि मी त्याला मधेच कोपरानं ढोसलं. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं, मिटला आणि राहिलेली प्रार्थना निवांत पुरी केली. मग म्हणाला, "अरे, साहेब बोलत असताना शिपाईसुद्धा मधे तोंड घालत नाही. आमेन होईपर्यंत थांबायचं असतं, गड्या." सगळे पोट धरून हसले. पण तेव्हापासून फेरीत तो नियमच झाला. कुणी हात जोडून, डोळे मिटून बसला की त्याच्या तोंडून आमेन येईपर्यंत त्याला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. हा नियम थट्टेतून आला होता हे पुढं सगळे विसरले. तो सगळ्यांत कडक पाळणारा मी होतो, कारण मोडणाराही पहिला मीच होतो.

यंदा फेरी अकोले तालुक्यातल्या डोंगरवस्त्यांवर होती. बहात्तरच्या पावसानं दगा दिला, त्यामुळे गाणी ऐकायला आलेले लोकही दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून दमलेले असत. शेवटल्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत निघायचं होतं. पण गोमा नावाच्या एका ठाकरानं शांतवनला सांगितलं की वरच्या रानात एक झरा अजून वाहतोय. शांतवननं हट्टच धरला. "वर्षभर नुसत्या कोरड्या विहिरी बघितल्या. वाहतं पाणी डोळ्यांनी बघू आणि मग घरी जाऊ," म्हणाला. सकाळी गोमाच्या मागं आम्ही पाच जण चढायला लागलो. हिरड्याचं दाट रान, पायाखाली वाळलेला पाचोळा, आणि वाट अशी की गोमा नसता तर दहा पावलांत चुकलो असतो. शांतवन दोनदा दगडावर टेकला. मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा तुझी खंजिरी बरी, निदान वाजते तरी." तो हसला नाही. माझ्या असल्या पाणचट विनोदांना एरवी तो आधी हसायचा. मला तिथंच कळायला हवं होतं.

झरा करंगळीएवढा होता. शांतवननं त्याच्या खाली हात धरला आणि कितीतरी वेळ धरूनच ठेवला. मग तांब्या भरला, फिरकी घट्ट लावली. "सगुणेला दाखवतो. म्हणावं, अजून वाहतंय." एवढं बोलून तो पाच-सहा हातांवरच्या जांभळीखाली खोडाला टेकून बसला. हात जोडले, डोळे मिटले, हनुवटी छातीवर आली. आम्ही भाकरीची गाठोडी सोडली आणि रीतीप्रमाणे थांबलो. भूक लागली होती, तरी मी थांबलो, याचं मला मनातून थोडं कौतुकही वाटत होतं.

गोमाला आमचे नियम ठाऊक नव्हते. काही वेळानं तो माझ्याजवळ सरकला. "मास्तर, बाबा लई येळ बसल्यात. पानी देऊ का?"

"थांब. प्रार्थना चाललीय," मी म्हणालो.

"त्ये हालंना झाल्यात, मास्तर." तो उठायला लागला. मी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवला.

मग एक मुंगळा शांतवनच्या मनगटावरून चढत मानेपर्यंत गेला... आणि शांतवन हलला नाही. या खेपेला गोमानं मला विचारलं नाही. तो उठून गेला, त्यानं शांतवनच्या नाकापुढं बोटं धरली आणि आपल्या डोक्यावरचं फडकं काढलं.

डॉक्टर म्हणाले, बसल्याबसल्याच गेले असतील, तुमच्या हातात काही नव्हतं. असेलही. मातीच्या वेळी सगळे म्हणत होते, काय मरण आलं, रानात, झऱ्याकाठी, प्रार्थना करता करता. वहिनींनाही मी तेवढंच सांगितलं होतं. जो तो येऊन माझा हात हातात घ्यायचा, आणि तो गोमाचा दंड धरलेला हात होता. मला रात्रंदिवस तेच दिसतं. माझा मित्र पाच-सहा हातांवर होता आणि मी शिस्त पाळत बसलो.

गेल्या रविवारी उपासना आटोपून बेलापूरला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. गोमा उठत होता आणि मी त्याला बसवला, हेही सांगितलं. वहिनी खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीकडं बघत होत्या. हातांना घासून त्या खुर्चीच्या दांड्यांचा रंग उडालाय.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"अर्धा तास... जास्तच."

त्यांनी त्या दांड्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ते प्रार्थनेला बसायचे आणि झोपायचे हो, भाऊजी. रोज, ह्याच खुर्चीत. मी येता-जाता खांद्याला हात लावायची. लगेच म्हणायचे, झालंच होतं, आमेन." त्या थोड्या हसल्याही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसवलं असतं.

त्यांनी ताट वाढलं. फिरकीचा तांब्या घासूनपुसून तिथंच ठेवला होता, त्यातलं पाणी भांड्यात ओतलं आणि मला त्याच्या खुर्चीत बसायला सांगितलं. "प्रार्थना तुम्ही करा." मी डोळे मिटले, हात जोडले. त्याच्यासारखी सगळ्यांची नावं घ्यायची होती, पण पहिल्याच नावापाशी थांबलो, पुढं जाता येईना. कालवण गार होत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तीस वर्षांत वहिनींनी मला कधी हात लावला नव्हता. त्या उठल्याचं ऐकू आलं, आणि मग माझ्या खांद्यावर हात पडला.