दारावरची अमेरिका

माझी ताई आणि दाजी लग्नानंतर अमेरिकेत गेले, ते तीन वर्षांनी हुरड्याच्या दिवसांत पहिल्यांदा परत आले. जाताना दाजी ज्वारीच्या ताटासारखे सडसडीत होते. बिडकीनच्या आमच्या शेतात ते गाडीतून उतरले, तेव्हा आधी पोट उतरलं आणि मग दाजी.

आमच्या काकांचं शहागंजात धान्याचं दुकान. काहीही दिसलं की वजन किती भरेल, हा पहिला विचार. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत पोती तोलायचा जुना दांडीचा काटा होता. काका म्हणाले, "जावईबापू, चढा बरं यावर." दाजी चढले, ताई चढली, मग मी आणि बायको. काकांनी खोलीच्या दारावर खडूनं दोन रकाने आखले. डावीकडे भारत, उजवीकडे अमेरिका. ज्या देशाची बेरीज जास्त, त्यानं आगटीपाशी बसून कणसं भाजायची आणि दुसऱ्या देशानं सतरंजीवर बसून खायची, असा कायदा तिथंच झाला. मुलांना मोजायचं नाही. आमची पाहणी फक्त प्रौढांची.

पुढं दर वर्षी हे चाललं. अमेरिका हरायची, ताई धुरात बसायची आणि मी गरम हुरड्यावर चटणी घेत दोन्ही देशांच्या प्रकृतीवर व्याख्यान द्यायचो. "तिकडं चालायला जागा नाय, ताई. खुर्चीतून गाडीत, गाडीतून खुर्चीत. आमच्याकडं बघ, माती पायाला लागते."

माती माझ्या पायाला लागत नव्हती, ही गोष्ट वेगळी. निम्मी जमीन कारखान्यांसाठी गेली होती. मी शहरात छावणी भागात राहायला आलो होतो, कचेरीत बसून काम करत होतो आणि उरलेल्या शेतात गाडी थेट बांधापर्यंत नेत होतो. येताना गुलमंडीवरची इम्रती घेत होतो. दरम्यान अमेरिकेची चढण थांबली होती. ताई तिकडं पोहायला जायची, दाजी उकडलेलं खायचे आणि तोंड वाकडं करायचे. भारताच्या पँटी मात्र दर दिवाळीला उसवाव्या लागत. तरीही दारावर आम्हीच जिंकत होतो. मला त्याचं नवल वाटलं नाही. जिंकणाऱ्याला कधी वाटतं?

नवल ताईला वाटलं. गेल्या वर्षी मी काट्यावर चढलो, तशी ती काकांच्या मागं जाऊन उभी राहिली. लहानपणी दुकानात बसलेली पोरगी, दांडी वाचता येत होती.

"काका, दांडी एक सांगती आन् तुम्ही दारावर दुसरंच लिहिता?"

काका शांतपणे म्हणाले, "बारदान्याची कट धरली ना."

पोत्यासकट माल तोलला की रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, ती कट. काकांनी ती आमच्या कपड्यांसाठी धरली होती. पहिल्या वर्षापासून.

"मग आमची कट कुठंय?"

"तुमचा माल परदेशी. त्याचा रिवाज मला काय ठाव?"

"आन् याची कट दर साली वाढती कशी?"

"माल ओला असला की वाढवावीच लागती, बाई."

दाजी सतरंजीवर आडवे होऊन हसले. ताई हसली नाही. तिनं काकांना दारासमोर उभं केलं आणि एकेका वर्षाची कट विचारली. काकांना प्रत्येक आकडा तोंडपाठ. खऱ्या बेरजा मांडल्यावर निघालं, की भारत सलग सहा वर्षं हरला होता. सहा वर्षं ताईनं डोळ्यांत धूर घेऊन आमची कणसं भाजली होती. तिनं कणसं उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "माती लागू दे पायाला."

त्या दिवशी मी इतका धूर खाल्ला, की हुरड्याची चवच कळली नाही. हरल्याचं दुःख फारसं नव्हतं. पण तिच्यासमोर झाडलेली ती सगळी व्याख्यानं आता माझी मलाच ऐकू येत होती. एकदा तरी खरं जिंकायचं होतं.

वर्षभर बायकोनं मला रोज पहाटे छावणीच्या रस्त्यांवर चालवलं. स्वतःही चालली, आणि माझ्यापुढं. गुलमंडीचा रस्ता मला बंद झाला. भाकरी दोनच, तिसरीकडं हात गेला की ती विचारायची, "कट धरू का?"

यंदा काकांना हात मागं बांधून उभं केलं. दांडी ताईनं वाचली. आधी अमेरिका, मग बायको, मग मी. चपला काढल्या, चष्मा काढला, खिशातल्या किल्ल्यासुद्धा काढल्या.

दाजींनी विचारलं, "श्वास का धरलाय?"

"सवय झालीय."

ताईनं बेरीज केली. पुन्हा केली. मग खडू खाली ठेवला आणि आगटीपाशी जाऊन बसली. भारत दीड किलोनं जिंकला होता, बिनकट.

मी सतरंजीवर मांडी घातली. मांडी घालता आली, हाच अर्धा विजय. ताईनं गरम कणीस तळहातावर चोळून दाणे माझ्यापुढं धरले. "खा. यंदा हक्काचं हाय."

खाऊन झाल्यावर मी गाडीतून तैलरंगाचा डबा आणि कुंचला काढला आणि दारावर यंदाचा आकडा ठसठशीत रंगवला. खडू पुसला जातो.

ताई डब्याकडं बघत म्हणाली, "आधीच आणून ठिवला व्हता व्हय रं? आन् हरला असतास तर?"

"तर सगळं दारच रंगवून टाकणार होतो."