दिवा पुढच्या चाकाचा, खिळा मागच्याचा

शिरूर ते दौंड हा काही कुणी वर्णन लिहावं असा प्रवास नाही. न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस आणि दौंड. रमतगमत गेलं तरी दोन तासांच्या आत माणूस पोहोचतो. आम्हाला जवळजवळ चार तास लागले, आणि त्यातलं एकही मिनिट आता मी कुणाला द्यायला तयार नाही.

जायचं होतं अक्काला भेटायला. अक्का आमची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा दादाला आणि मला तिनंच वाढवलं. ती भोपाळहून बेळगावला लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती आणि मध्ये कुठं उतरायला तयार नव्हती. पण दौंडला गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात, त्यामुळं गाडी अर्धा तास तरी थांबते. आमच्या भागातल्या किती नात्यांच्या भेटी त्या अर्ध्या तासात उरकतात! डबा द्यायचा, बाळ बघायचं, रडायचं, गाडी सुटली की हात हलवायचा.

दादा अकरा वर्षांनी इंग्लंडहून कायमचा परत आला होता. अक्काचे यजमान, आमचे भावजी, वारले तेव्हा त्याला येता आलं नव्हतं. अक्कानं त्यावरून त्याला कधी बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं. त्यामुळं ही गाडी चुकवून चालणार नव्हतं.

दादानं तिकडची मोटार जहाजातून आणली होती. तिच्या प्रत्येक चाकात, हवा भरायच्या नळीच्या बुडाशी, काडेपेटीएवढा एक सेन्सर होता. हवा कमी झाली की समोर पिवळा दिवा लागायचा आणि मोटारीच्या चित्रातलं ते चाक लाल व्हायचं. जहाजात उभे राहून टायर खराब झाले होते, म्हणून आदल्या दिवशी आम्ही शिरूरमध्ये नवे टाकून घेतले. दादानं दुकानदाराला सेन्सरबद्दल इतकं बजावलं, की त्या बिचाऱ्यानं पहार नळीपासून लांब लावून एकेक टायर सोडवला, चारही सेन्सर काढून स्टीलच्या ताटात ठेवले आणि मगच नवे टायर हातात घेतले. दादा फोनवर बोलत लांब गेला होता. मी ते ताट मांडीवर घेतलं, पदरानं एकेक सेन्सर पुसला आणि देवाचे टाक मांडावेत तसे छान ओळीनं मांडले. त्या वेळी मला माझं फार कौतुक वाटलं होतं.

सकाळी दहाला निघालो. मागच्या सीटवर डबा होता. बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची कडबोळी, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली). अक्काची फर्माईश होती. हवा थंड, ऊन कोवळं, आणि उसाच्या ट्रॉल्या अख्खा रस्ता आपल्या बापाचा असल्यासारख्या चाललेल्या. दादा शीळ घालत होता.

न्हावऱ्याच्या अलीकडं दिवा लागला. पुढचं डावं चाक लाल.

न्हावऱ्यात हवा भरणाऱ्यानं मीटर लावलं आणि हवा बरोबर असल्याचं सांगितलं. दादानं त्याच्या मीटरकडं असं बघितलं, की मला त्या मीटरचीच दया आली. मोटारीला जास्त कळतं, तू भर, असं म्हणून त्यानं आणखी हवा भरायला लावली. दिवा तसाच. पारगावला भीमेच्या पुलाआधी थांबून त्यानं मोटारीसोबत आलेलं जाडजूड माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. मी तेवढ्यात नदी बघितली, एका बाईकडून पेरू घेतले, दोन खाल्लेही. चौफुल्याच्या पंपावर त्यानं त्याच चाकात पुन्हा हवा भरवली. आता ते चाक पुरणपोळी खाल्लेल्या जावयासारखं टम्म झालं होतं, आणि चित्रात अजूनही लालच होतं.

तेवढ्यात अक्काचा फोन आला. तिच्या गाडीनं नगर केव्हाच मागं टाकलं होतं. तिनं दादाला फोन द्यायला सांगितला नाही, फक्त विचारलं, "येतोय ना गं तो?"

मी हो म्हणाले. दादानं ऐकलं होतं. त्यानंतर शीळ बंद झाली.

पाटसला पोहोचेपर्यंत मोटार एका अंगाला ओढायला लागली. साखर कारखान्याच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडबाहेर टायरची चळत होती. तिथले रहीमचाचा पन्नास वर्षं तिथंच राहिलेले, उसाच्या ट्रॉल्यांची चाकं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले. दादानं त्यांना सेन्सर, दिवा, चित्र सगळं समजावून सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हातभर लोखंडी गज उचलला.

"दिवा म्हनतोय ते ऱ्हाऊ द्या, सायेब. आपन चाकालाच इचारू."

त्यांनी पुढच्या डाव्या चाकावर गज मारला. टण्ण. "ह्ये तर नगारा झालाय. किती हवा भरली?" मग पुढचं उजवं, मग मागचं डावं. मागच्या उजव्या चाकावर गज पडला आणि आवाज बसका आला. मलासुद्धा कळला.

"ह्यो बगा. ट्रॉलीला कुटं दिवा असतुया? आमी आसंच बगतो."

चाक उचलून फिरवलं तर खाचेत खिळा. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. टायर उतरवताना सेन्सर तुटेल, ही धास्ती त्याला अजून होतीच. पण चाचांनी टायर उतरवलाच नाही. खिळा उपसला, त्या भोकात डिंकात माखलेली रबरी दोरी ठोसली, हवा भरली आणि त्यावर थुंकी लावून बुडबुडा येतो का ते बघितलं. मग पुढच्या चाकातली जादा हवा सोडून दिली. मोटार पाटसच्या बाहेर पडत नाही तोच दिवा विझला आणि पुढचं डावं चाक चित्रात पांढरं झालं. दादा चक्रावला. मला मात्र ते ताट आठवलं, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले.

दौंडच्या फलाटावर आम्ही धावत शिरलो. गाडी उभी होती, इंजिन दुसऱ्या टोकाला लागत होतं. अक्का दारातच उभी होती, पांढऱ्या केसांची, आधीपेक्षा बुटकी. दादा खाली वाकला. तिनं त्याला उठवलं आणि लहानपणी मारायची तशी पाठीवर थाप मारली. मग तिचा हात खांद्यापाशी थांबला.

"उजवा खांदा उतरलाय तुझा. काय झालं होतं?"

दादा तीन वर्षांपूर्वी बर्फावर पडला होता, शस्त्रक्रिया झाली होती. दर रविवारी तो तिच्याशी फोनवर बोलायचा आणि दर रविवारी सगळं ठीक असायचं. मलाही ठाऊक नव्हतं. अक्काच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला, भावजींसाठीही रडला, आणि अक्का एका हातानं त्याला थोपटत दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण उघडत होती. शेवटी तिघांनी दारातच शेंगोळी खाल्ली. मला इतकं सुख कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

परतताना मी ताटाची गोष्ट कबूल केली. सेन्सर पुसताना त्यांची अदलाबदल मीच केली होती. मागच्या चाकाचा पुढं, पुढच्याचा मागं. दादा इतका हसला, की त्याला मोटार कडेला घ्यावी लागली. सेन्सर पुन्हा जागच्या जागी बसवून घेऊ, असं मी म्हणाले. बघू, म्हणाला.

पाटसला चाचांच्या शेडपाशी त्यानं मोटार थांबवली आणि उरलेले पेरू त्यांना दिले. मग त्यांच्याकडून गज मागून घेतला आणि चारही चाकांवर एकेकदा मारून, कान देऊन ऐकलं. दिवा लागलेला नव्हता.