पुरुषाच्या रक्ताला बाईचं नाव

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी सुईताई हार्मोन तपासायच्या यंत्रात कंट्रोलच्या तीन बाटल्या ठेवत होत्या. कंट्रोल म्हणजे आधीच मोजलेला नमुना. यंत्राने त्याचा आकडा बरोबर सांगितला, तरच लोकांचं रक्त आत घालायचं. आकडे बरोबर आले. सव्वीस वर्षं या प्रयोगशाळेत त्यांचा दिवस असाच सुरू होत आला आहे.

सातला खिडकी उघडली. पहिली आली ती चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी बाई. दोन वर्षं मूल होत नाही म्हणून तपासण्या चाललेल्या. फाईल अंगठ्याएवढी जाड, आणि तिच्यातला कागद न् कागद बायकोच्या नावाचा. सासू दर महिन्याला फोनवर विचारते, "तुझ्या अंगात आहे तरी काय?" डॉक्टरीणबाईंनी मार्चच्या रिपोर्टवरून बीज तयार होत नाही असं ठरवलं होतं आणि चार महिने गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी तिचं डोकं दिवसभर गरगरायचं. दुकानात दोन महागड्या काचा तिच्या हातून फुटल्या होत्या.

दंडाला पट्टा बांधता बांधता सुईताईंनी तो रिपोर्ट वाचला. नऊ मार्च. चार हार्मोन, त्यात प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉनही, चारही तळाला. खाली सही त्यांचीच.

"नऊ मार्च?" बाई म्हणाली. "नऊला मी माहेरी होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. फेब्रुवारीत दिलेल्या रक्ताचाच कागद उशिरा आला, असं हे म्हणाले."

सुईताईंनी रक्त घेतलं, कापूस दाबायला सांगितला आणि कपाटातून वही काढली. नळीवर फक्त क्रमांक असतो, नाव नंतर खिडकीवर संगणकात जोडलं जातं. पण सुईताईंना प्रत्येक हाताविषयी वहीत एक ओळ लिहायची सवय. सगळे त्यावरून त्यांची थट्टा करत, "ताई हातांच्या कुंडल्या मांडतात." मार्चच्या रिपोर्टवरच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: उजवा हात, शीर दोरीसारखी, पट्टा दंडाला पुरला नाही.

समोरच्या बाईच्या दंडाला पट्टा दोन वेढे बसून वर शेपूट उरलं होतं.

"हे रक्त तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचं ते सांगता येणार नाही. पण तुमचं नाही, एवढं आज लिहून देते. तो कागद डॉक्टरीणबाईंना दाखवा. गोळ्यांचं त्या सांगतील."

बाईने कापूस टाकला, फाईल बंद केली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.

खिडकीवरच्या गृहस्थांना सगळे दुरुस्तीकाका म्हणत, कारण फॉर्ममधल्या चुका ते न विचारता सुधारत. मार्चचा मूळ फॉर्म त्यांच्याच खणात सापडला. पुरुष, वय तेहतीस, डॉक्टर वेगळे. नवरा-बायकोचा फोन नंबर एकच असल्याने संगणकाने दोन्ही नावं दाखवली, आणि काकांनी बायकोचं निवडलं.

"गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन पुरुषाला कशाला?" ते म्हणाले. "त्याला काय दिवस जायचेत? अशा चुका मी दर आठवड्याला सुधारतो."

दर आठवड्याला. सुईताईंनी तो शब्द मनात नोंदवला. राग काकांवर होता, त्याहून जास्त स्वतःच्या सहीवर. पुरुषाच्या शरीरातही प्रोजेस्टेरॉन असतं, थोडं वृषणात, थोडं मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत तयार होतं. हे त्यांना पाठ होतं. तरी बाईचं नाव दिसलं आणि त्यांनी सही ठोकली. आणि त्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन इतकं खाली होतं, की ते बाईच्या नावावर बिनबोभाट खपून गेलं.

प्रयोगशाळेच्या मालकांनी दार लावून घेतलं. जुनं मिटवू, नवं रक्त फुकट तपासून देऊ, गवगवा कशाला, असं त्यांचं म्हणणं. सुईताईंनी ऐकून घेतलं.

"चूक माझ्या सहीने गेली. दुरुस्तीही माझ्याच सहीने जाईल, कारणासकट. नाही तर यंत्राला उद्यापासून दुसरं माणूस बघा."

यंत्राला दुसरं माणूस नव्हतं. मालकांनी दुरुस्तीचा कागद सहीला पुढे केला.

सुईताईंनी फोन करून बोलावलेला नवरा साडेनऊला आला. व्यायामशाळेत शिकवतो, दारातून तिरका आत येईल असे खांदे. सुईताईंनी त्याला एकट्याला आत घेतलं आणि रिपोर्ट पुढे ठेवला.

"नाव चुकलंय हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

त्याने सगळं सांगितलं. ताकदीची इंजेक्शनं तो तीन वर्षं घेत होता. व्यायामशाळेतलाच एक जुना गडी आणून द्यायचा. हे ऐकूनच डॉक्टरांनी ती चार हार्मोन लिहून दिली होती. पण रिपोर्ट बायकोच्या नावाने आला आणि त्याला वाटलं, परस्पर निभावलं. त्याने तो तिच्या फाईलमध्ये लावून टाकला.

सुईताईंनी आवाज चढवला नाही. त्या इंजेक्शनांतलं एक औषध शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनच्या कुलपातही किल्लीसारखं बसतं, त्या म्हणाल्या. मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, तो वृषणाला हुकूम पाठवणं थांबवतो. मग टेस्टोस्टेरॉन बनत नाही, पुरुषबीजही बनत नाही. बाहेरून पहिलवान, आत कारखान्याला कुलूप. बहुतेकांचं उघडतं, महिने लागतात, काहींचं उघडायला उपचार लागतात. पण आधी हा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांपुढे परत जावं लागतं.

"तिला तुम्ही सांगणार?"

"मी नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे, अडीच तास. तुम्ही सांगायचं."

तो उठला. काचेतून सुईताईंना दोघं दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. बाईने सगळं ऐकून घेतलं, फाईल त्याच्या मांडीवर ठेवली आणि कामावर निघून गेली. तो फाईल धरून बसून राहिला. मग खिडकीशी गेला आणि स्वतःचं नाव सांगितलं. दुरुस्तीकाकांनी ते दोनदा विचारून लिहिलं.

दुपारी सुईताईंनी मार्चपासूनच्या प्रोजेस्टेरॉनच्या सगळ्या फॉर्मचा गठ्ठा टेबलावर घेतला. वही शेजारी उघडून त्या एकेक हात ताडून बघू लागल्या. संध्याकाळपर्यंत अशीच चुकलेली आणखी दोन नावं निघाली.

उद्याच्या यादीत पहिली नोंद अशी आहे: वेळ सात, पुरुष, वय तेहतीस, चार हार्मोन. पट्टा मोठा लागेल.