कंपाउंडरचं तापट इंजिन

दवाखान्यातले कंपाउंडर आठवड्याचे सहा दिवस इतके शांत असत की त्यांना बघूनच पेशंटचा अर्धा आजार पळावा. सातव्या दिवशी मात्र हाच गृहस्थ बगलेत रिमोटवर उडणारं खेळातलं विमान मारून मैदानावर वासरासारखा उधळायचा.

पण सुखाला दृष्ट लागली होती. चौथ्या मिनिटाला विमानाचं इंजिन तापायचं, कण्हायचं आणि हवेतच बंद पडायचं. मग उरलेला रविवार गवतात विमान शोधण्यात जायचा. शेवटी बायकोने बजावलं, "अहो, या रविवारी दहा मिनिटं उडवा आणि इंजिन चालू असतानाच खाली उतरवून दाखवा. हवेत बंद पडलं, तर विमान माझ्या भावाच्या माळ्यावर आणि तुमचे रविवार माझे!" कंपाउंडर "बरं" म्हणाले आणि कामाला लागले.

त्यांनी आधी इंधनाला हात घातला. दुकानातल्या तयार इंधनात जोर वाढवणारं नायट्रोमिथेन ढीगभर आणि इंजिनाला वंगण देणारं तेल नावापुरतं. जुन्या इंजिनाला तो जोर झेपत नव्हता. कंपाउंडरांनी नायट्रो कमी केलं, मूळचं जळण म्हणजे मिथेनॉल मोजून घेतलं आणि पाचवा हिस्सा एरंडेल ओतलं. एरंडेलावर त्यांचा भारी विश्वास. उभा जन्म ते लोकांना पाजण्यात गेला होता! सवयीने त्यांनी बाटलीवर चिठ्ठीसुद्धा डकवली: 'वापरण्यापूर्वी हलवावे.'

शनिवारी अंगणात चाचणी घेतली. इंजिन पुन्हा तापलं. शिवणाचा क्लास घेणारी, दिवसभर आठ मशिनींचे आवाज ऐकणारी बायको बाहेर आली.

"अहो, किती किंचाळतंय ते! हा स्क्रू कसला?"

"ती सुई. आत फिरवली की इंधन कमी जातं आणि इंजिन सुसाट. बाहेर फिरवली की इंधन जास्त, इंजिन थंड. पण आवाज भसाडा येतो गं."

"मग येऊ दे की भसाडा!"

कंपाउंडरांचं खरं दुखणं तिथेच होतं. ती किंकाळी त्यांना इतकी आवडायची की हात आपोआप सुई आत पिळायचा. एरंडेल बिचारं करणार काय? बायकोने निकाल दिला, "उद्या सुईला हात लावायचा नाही. ती मी बघते."

रविवारी इंजिन सुरू झालं. पंख्याच्या मागून हात घालून तिने सुई किंकाळीपर्यंत नेली आणि खट, खट, खट, तीन घरं परत बाहेर आणली. कंपाउंडरांनी आपलीच दाढ कोणी उपटत असल्यासारखे डोळे मिटले. इंजिनाने धुराचा लोट सोडला, बायकोच्या तोंडावर तेल उडवलं आणि विमान वर गेलं.

चार मिनिटं झाली. सहा झाली. मागे पांढऱ्या धुराची रेघ सोडत विमान आपलं घरघरतंय! आठव्या मिनिटाला कंपाउंडर हसायला लागले, दहाव्याला रिमोट हातात धरून चक्क नाचायला लागले. त्यांनी विमानाला कोलांट्या मारायला लावल्या, ते उलटं उडवलं, बायकोच्या डोक्यावरून दोन गिरक्या घ्यायला लावल्या. इतका आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता, आणि हे ते तिच्यासमोरच ओरडून सांगत होते. खाली उतरायचं असतं, हे साफ विसरून गेले.

तेराव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं. हवेत.

कंपाउंडरांनी कसंबसं तरंगवत विमान खाली आणलं. बायको कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी.

"हवेत बंद पडलं," ती म्हणाली.

"पडलं," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

बायको खाली बसली. इंजिनाला बोट लावलं, नुसतं कोमट होतं. टाकी हलवली, थेंब नव्हता. वर्षानुवर्षं मागितलेले रविवार आयते तिच्या हातात आले होते. तिने पदराने तोंडावरचं तेल पुसलं, ते आणखीच पसरलं.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "टाकी भरा. आता रिमोट माझ्याकडे."