बघा सरांचं मूल्यमापन

शाळेतली मुलं त्यांना 'बघा सर' म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'सर'. पण फळा फुटला म्हणून जा की सहलीची गाडी आली नाही म्हणून जा, मुख्याध्यापकांच्या खोलीतून एकच उत्तर यायचं, "तुम्हीच बघा." शिक्षक ते ऐकून परत फिरत आणि खरोखर स्वतःच बघत. हे नाव सरांच्या कानावरही आलं होतं. पूर्वीसारखे असते तर सरांनी नाव ठेवणाऱ्याला हुडकून काढून चार पोरांसमोर त्याची गोड फिरकी घेतली असती. आता त्यांना काही वाटलं नाही.

काही न वाटणं हाच त्यांचा आजार म्हणावा, तर तो धड आजारही नव्हता. ताप नाही, खोकला नाही, जेवण वेळच्या वेळी. बायकोने एकदा मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. त्यांनी ती निमूटपणे संपवली आणि ताट धुऊन ठेवलं.

"अहो, भांडायला तरी उठा," ती म्हणाली. "घरात नवरा आहे की कपाट, तेच कळेनासं झालंय."

"दमलोय गं थोडा."

तेही खरं नव्हतं. दमायला आधी काहीतरी करावं लागतं.

अशातच शिक्षण कार्यालयाचा निरोप आला, की या वर्षी सरांचं मूल्यमापन आहे. मूल्यमापन म्हणजे कपाटं उघडून धूळ शोधणारी तपासणी नव्हे. एखादे निवृत्त मुख्याध्यापक येतात, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मुख्याध्यापकांच्या खोलीत कोपऱ्यात बसतात, त्यांच्यामागून शाळाभर हिंडतात, आणि शाळा सुटली की बोलतात. हा माणूस ठीक आहे, याला मदतीची गरज आहे, किंवा याला आता खुर्चीवरून उठवावं, असं त्यातलं काहीतरी एक ते कार्यालयाला कळवतात. उठवलंच तर सरांची निवृत्तीपर्यंतची वर्षं कार्यालयाच्या तळघरात, जुन्या कागदांच्या विभागात जाणार होती. तिथे मुलं नाहीत, घंटा नाही. हे ऐकून आपल्याला वाईट वाटायला हवं, असं सरांना वाटलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. वाईट वाटलं नाही.

धसका घेतला तो उपमुख्याध्यापिकांनी. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या या शाळेत नवशिक्या म्हणून आल्या, तेव्हा वर्गात उभं कसं राहायचं इथपासून सगळं सरांनीच त्यांना शिकवलं होतं. म्हणूनच गेलं वर्षभर सरांची शाळा त्याच ओढत होत्या आणि बाहेर ताकास तूर लागू देत नव्हत्या. आदल्या दिवशी त्यांनी शिक्षकांना एकत्र बसवून बजावलं, "उद्या सरांच्या दाराशी कुणीही फिरकायचं नाही. प्रश्न असेल तो माझ्याकडे आणायचा. आग लागली तरी आधी मला सांगायचं."

"आणि सरांनीच बोलावलं तर?" विज्ञानाच्या सरांनी विचारलं.

"ते कुठे बोलावतात?" बाई बोलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मूल्यमापन करणाऱ्या मॅडम आल्या. बुटक्या, पायात पांढरे बूट, आवाज खालचा. कोपऱ्यातली खुर्ची पकडून त्या बसल्या, तशी सगळी शाळाच हाताची घडी, तोंडावर बोट करून बसली. वरच्या मजल्यावरचा नळ तुटला, तर तीन शिक्षकांनी तो फडक्यांनी दाबून धरला. दोन पालक भांडत आले, त्यांना प्रयोगशाळेत हाडांच्या सापळ्यासमोर नेऊन बसवलं. सापळ्याकडे बघून दोघांचा आवाज आपोआप खाली आला म्हणे. शिपाई चहा घेऊन आला तो गुडघ्यापर्यंत चिंब.

"बाहेर पाऊस आहे का?" मॅडमनी विचारलं. खिडकीत रखरखीत ऊन होतं.

"नाही मॅडम. मला घाम फार येतो."

मॅडमनी त्याच्या पायांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. सर सह्या करत होते. दोघं शाळेतून फेरी मारायला निघाले तेव्हा मुलं उठून उभी राहिली, सरांनी हाताने त्यांना बसवलं, पुढचा वर्ग आला. ते सगळं ठरल्यासारखं नीट झालं. एका पोरीने चुकून हसून त्यांच्याकडे पाहिलं. आपणही हसावं हे सरांच्या ध्यानात आलं तोवर ती मागे राहिली होती.

शाळा सुटली. मोठ्या बाई आत आल्या त्या लढाई जिंकल्याच्या थाटात. "काय मॅडम, कशी वाटली शाळा? तक्रारीला जागा नाही ना?"

"शाळा उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फार छान चालवता."

बाईंचा चेहरा फुलला आणि मग खर्रकन उतरला.

"दिवसभर हे दार एकदाही वाजलं नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "मी मुख्याध्यापक होते तेव्हा माझं दार सारखं वाजायचं. मला वीट यायचा. ज्या दिवशी वाजायचं नाही त्या दिवशी मला धास्ती वाटायची. लोक आपल्यापासून काहीतरी लपवतायत, नाहीतर आपल्याला मोजेनासे झालेत."

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची," बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. "ती कशाला उघडता? त्यांची थोडीच वर्षं राहिलीत. आम्ही सांभाळतोय ना."

"मुठीत काही आहे का, हे बघायलाच तर मी आलेय. तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

बाई गेल्या. दार जरा जोरातच लागलं.

"सर, शेवटचं कुणाला 'नाही' म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

इतका वेळ पुतळ्यासारखे बसलेले सर या प्रश्नाला मात्र अडले नाहीत. वेळापत्रक वाचावं तशा आवाजात त्यांनी सांगून टाकलं. गेल्या वर्षी चित्रकलेच्या बाई आल्या होत्या. आईला बरं नाही, गावी जाऊन येते म्हणाल्या. चित्रांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं, पालकांना बोलावणी गेली होती. "प्रदर्शन होईपर्यंत थांबा," असं सर म्हणाले. त्या थांबल्या. प्रदर्शन चाललं असतानाच फोन आला, की आई गेली.

"त्या काय म्हणाल्या तुम्हाला?"

"काही नाही. परत आल्या, नमस्कार केला, तास घेतला. रोज नमस्कार करतात. एक शब्द बोलल्या नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही. नंतर कुणी काही विचारायला आलं, की माझ्या तोंडून उत्तरच निघेना. मग म्हणायला लागलो, तुम्हीच बघा."

मॅडमनी त्यांना धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. त्या म्हणाल्या, "दोन वाटा आहेत. तळघरात शांतता आहे, तिथे तुमच्यामुळे कुणाचं काही बिघडणार नाही. दुसरी वाट अशी, की उद्यापासून सगळे प्रश्न याच दारातून आत येतील. मोठ्या बाईंना मी ते सांगेन. दर आठवड्याला मी येऊन शेजारी बसेन. उत्तर तुम्ही द्यायचं. चुकाल, तर का चुकलं ते दोघं मिळून पाहू. बोला, यातलं काय कळवू?"

सरांनी तोंड उघडलं आणि सवयीने त्यातून बाहेर पडलं, "तुम्हीच बघा."

स्वतःचे शब्द त्यांना वर्षभरात पहिल्यांदाच ऐकू आले.

"हे मी नाही बघणार," मॅडम म्हणाल्या. "माझा चहा व्हायचाय अजून. मी बसलेय."

सर उठले. कुठे जायचं ते पायांनीच ठरवलं. चित्रकलेच्या वर्गात त्या बाई एकट्याच बेसिनपाशी उभ्या राहून ब्रश धूत होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि ओल्या हातांनी नमस्कार केला.

"त्या वेळी मी तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं," सर दारातूनच म्हणाले.

"हो. जाऊ द्यायला हवं होतं."

एवढंच. 'जाऊ द्या सर, झालं गेलं' असं काही त्या म्हणाल्या नाहीत. नळ तसाच वाहत राहिला. मग त्यांनी विचारलं, "आता आलाच आहात तर विचारते. आज तुम्हाला काही विचारायचं नाही असा हुकूम होता, पण शाळा सुटली. वरच्या वर्गांची चित्रं व्हरांड्यात स्टँड मांडून लावायची आहेत. लावू?"

बाईंना 'हो' म्हणावं, असं सरांना अगदी पोटातून वाटलं. या बाईंना तर हो म्हणायलाच हवं. पण व्हरांड्यात उन्हाच्या वेळी लहान वर्गांची मुलं खेळतात, त्यांना सावलीची दुसरी जागा नाही.

"व्हरांडा नको," ते म्हणाले. "बारक्यांना जागा उरणार नाही. जिन्याच्या भिंती घ्या."

"जिन्यात अंधार आहे. अंधारात लावू चित्रं?"

"दिवे बसवून घेतो."

"पोरांना उद्याच लावायची आहेत, सर."

"दिवे लागेपर्यंत थांबा."

तो शब्द दोघांनाही ऐकू आला. बाईंचा हात पाण्याखाली तसाच थांबला. पण शब्द मागे घेतला असता, तर ते खोटं झालं असतं, हेही त्यांना तेवढंच स्वच्छ दिसत होतं. ते तसेच उभे राहिले.

"थांबते," बाई म्हणाल्या. "पण मला राग आलाय सर. आजचा आलाय आणि तेव्हाचाही. तेव्हा मी बोलले नाही. आज बोलते."

त्यांनी नळ बंद केला, ब्रश उचलले आणि सरांच्या शेजारून निघून गेल्या.

मॅडमचा चहा केव्हाच संपला होता. दाराबाहेर मोठ्या बाई अजून घुटमळत होत्या. सरांचा चेहरा पाहून त्याही मागोमाग आत आल्या.

"काय ठरलं?" मॅडमनी विचारलं.

"राहतो इथेच. मला फार भीती वाटतेय, पण राहतो."

"कशाची भीती?"

"मी त्यांना पुन्हा नाही म्हणालो. त्यांनाच." सरांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. "त्या रागावल्या माझ्यावर. तोंडावर बोलून दाखवलं त्यांनी, मॅडम," ते म्हणाले, आणि मोठ्या बाईंच्या देखत त्यांना रडू फुटलं.